खुनी बदलून द्या

माझ्या कादंबरीत खुनी सगळ्यांत आधी ठरतो. प्रेत नंतर येतं, पोलीस त्याच्याही नंतर आणि पुस्तकाचं नाव तर छपाईला जायच्या आदल्या दिवशी. लोकांना वाटतं, आम्ही रहस्यकथावाले लिहिता लिहिता धागेदोरे शोधत पुढे सरकतो. तसलं काही नसतं. मी एक माणूस निवडते, गुन्हा त्याच्या गळ्यात घालते आणि मग शेवटाकडून सुरुवातीकडे येत बाकीच्या सगळ्यांची सुटका करत जाते. एकदा नक्की केलेला खुनी मी कधी बदललेला नव्हता. संपादकांनी गळ घातली तरी नाही, नवऱ्याने शेवट आधीच ओळखला तरी नाही.

पुण्यात असताना मी वाचनालयांसाठी लिहायचे. पातळ कादंबऱ्या, मुखपृष्ठावर रक्ताने माखलेला सुरा, मग आत खून विषाने झालेला असो की तोंडावर उशी दाबून. साहित्यिक मंडळी लग्नकार्यात भेटली की ‘अजून चाललंय का तुमचं ते?’ असं विचारायची, मला जशी काही खरूज झाली होती. मी म्हणायचे, चाललंय, आणि तुमच्या दुपटीने खपतंय. तोंडाळ आहे मी, मान्य. पण माझ्या धंद्याची मला लाज कधी वाटली नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला आलो, हेब्बाळला घर घेतलं. इथे मराठी ही दार लावून घेतल्यावर बोलायची भाषा. लिफ्टमध्ये हिंदी, भाजीवाल्या अण्णांशी माझी मोडकीतोडकी कन्नड, सोसायटीच्या सभेत इंग्रजी. दिवसभर तोंडात अडकलेली मराठी मग कागदावर यायची. पुण्यात लिहिलं नाही इतकं मी इथे येऊन लिहिलं. पुढे वाचनालयं एकेक करून बंद पडली, तेव्हा वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात एका मोबाइल ॲपवाल्यांनी विचारलं, ऐकायची रहस्यमालिका लिहाल का? दर गुरुवारी एक भाग. गोष्ट एका नटाच्या आवाजात, सुरुवातीची दोन-चार वाक्यं मात्र माझ्या आवाजात, ‘नमस्कार, मी हेब्बाळच्या तळ्याकाठून बोलतेय’ अशी. ती कल्पना त्यांच्या मुंबईच्या संपादिकेची. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण कामाला वाघ. म्हातारपणी मला पुन्हा ऐकणारी माणसं मिळाली याचा मला फार आनंद झाला होता.

त्यातली एक मालिका मी पेपरातल्या चार ओळींवरून उचलली. होसकोटेजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये रविवारी एक सुपरवायझर गोठवणीच्या खोलीत अडकून मेला. दार बाहेरून लागलेलं होतं. आतून उघडायची मूठ बिघडलेली होती. त्याचा फोन बाहेर टेबलावरच राहिला होता. दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली होती आणि भरलेला डबा तसाच परत घेऊन गेली, असं रखवालदाराने सांगितलं. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली होती.

भरलेला डबा परत घेऊन गेली, एवढं मला पुरलं. हातातला चहा संपायच्या आत मी खुनी ठरवला होता. बायको. मग आतल्या गोठवलेल्या मटारांचं मी आइस्क्रीम केलं, होसकोटेच्या जागी एक कुठेच नसलेलं गाव आणलं, नवऱ्याला बाहेरची बाई दिली, बायकोला थंड डोकं दिलं. रविवार, डबा, टेबलावरचा फोन आणि ते दार मात्र तसंच ठेवलं. इतकं चांगलं दार मला स्वतःहून सुचलं नसतं.

मालिका जोरात चालली. प्रत्येक भागाखाली ऐकणाऱ्यांचे शेरे पडायचे, ‘बायकोच आहे’, ‘तिचं बोलणं ऐकूनच कळतं’, ‘फासावर द्या सटवीला’. संपादिका खूश होती. शेवटचे दोन भाग लिहून तयार होते, त्यांचं रेकॉर्डिंग तेवढं बाकी होतं, आणि तेव्हा ती बाई माझ्या दारात आली.

दुपारची वेळ होती. गेटवरून फोन आला की कुणी मराठी बाई भेटायला आलीय. मला वाटलं, कुणाकडचं तरी हळदीकुंकू असेल. दार उघडलं तर तिशीतली एक बाई, कपाळ मोकळं, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. यशवंतपूरच्या बाजारात काम करणाऱ्या तिच्या भावाने मराठी लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवरून माझा पत्ता काढला होता आणि तो खाली थांबला होता.

“अक्का, ती कोल्ड स्टोरेजची गोष्ट तुमीच लिवताय न्हवं?”

मी हो म्हणाले. एवढ्या लांबून श्रोता भेटायला आला म्हणून मी चांगली फुललेसुद्धा.

“त्यातली बायको मी हाय,” ती म्हणाली.

मी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं, उघडं आहे ना ते. घरात मी एकटी होते. इतकी वर्षं खुनी लोकांच्या संगतीत काढली, पण त्यांतलं कुणी कधी सोफ्यावर येऊन बसलं नव्हतं. मी पाणी आणून दिलं. तिने भांडं एका दमात रिकामं केलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

“आमच्या घरात माझ्या हातचं पाणी कोण घेत न्हाई आता,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. माणसं निपाणीकडची, होसकोट्याला येऊन बरीच वर्षं झालेली. घरात सासू, दीर, ती आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. नवरा गेला तेव्हापासूनच सासूच्या मनात किंतु होता, पण तो मनातच होता. मग दिराने फोनवर माझी मालिका ऐकली. रविवार, डबा, टेबलावरचा फोन. त्याने आईला ऐकवली. तेव्हापासून दर गुरुवारी जेवणं झाली की दीर फोन मधे ठेवतो आणि सगळे ऐकायला बसतात.

“मला बी बसवतात. समोर,” ती म्हणाली. “गोष्ट फोन सांगतोय, पण बघतात माझ्या तोंडाकडं. त्यातली बायको हसली की माझ्याकडं बघतात. ती पाणी प्याली की माझ्याकडं बघतात. मी हललं तरी वाईट, न्हाई हललं तरी वाईट.”

मला तेव्हाच दरदरून घाम फुटायला हवा होता. पण खरं सांगते, माझ्या मनात आधी आलं ते हे की काय जबरदस्त प्रसंग आहे, हा आपल्याला का सुचला नाही.

“शेवटचा भाग झाला की गावाकडनं चार माणसं बोलवणार हायत. मला भावाकडं धाडायचं आन पोरीला ठेवून घ्यायचं. आताच पोरीला माझ्याजवळ निजू देत न्हाईत.”

“अहो, पण ती गोष्ट आहे! सगळं मी घरात बसून रचलंय. सांगा ना त्यांना.”

“सांगितलं की. दीर म्हनतोय, ती बाई बेंगळुरातच ऱ्हाते, तिला आतलं समदं ठाव असणार. न्हाईतर डब्यात झुणका होता ते तिला कसं कळलं?”

मला हसूच फुटलं. निपाणीकडच्या बाईच्या डब्यात झुणका-भाकरी नाही तर काय पास्ता असणार? तो झुणका मी कसलाही विचार न करता लिहिला होता. पण ती हसली नाही. तिने भांडं खाली ठेवलं आणि ब्लाउजपीसचा रंग बदलून मागावा इतक्या साधेपणाने म्हणाली, “अक्का, खुनी बदलून द्या.”

माझं डोकं फिरलं. मी तिला व्याख्यानच दिलं. म्हटलं, असा खुनी बदलत नसतो. पहिल्या भागापासून सगळं त्या बायकोपाशी येऊन पोचतं, तिला काढलं तर सगळंच कोसळतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती दिस लागतील बदलायला?”

मग मी विचारू नये ते विचारलं. “डबा परत का नेलात तुम्ही?”

ती खाली बघत राहिली. फरशीवर काही सांडलंय आणि ते पुसायचं राहिलंय असं बघत राहिली. मग उठली, “येते अक्का” म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बदलून टाक. एका बाईच्या मुलीचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, “आणि तिनेच मारलं असेल तर? उत्तर दिलं नाही तिने.” तो म्हणाला, “पोलिसांनी सोडलंय तिला.” मी म्हटलं, पोलिसांनी सोडलेली माणसंच माझ्या निम्म्या पुस्तकांत खुनी निघाली आहेत. त्याने कपाळावर हात मारून घेतला. त्याला वाटलं मी विनोद करतेय. मी विनोद करत नव्हते. माझा धंदाच संशयाचा, आणि संशय आला की मला तो चघळल्याशिवाय राहवत नाही. ती बाई निर्दोष असेल तर मी तिचं घर मोडत होते. दोषी असेल तर एका खुनी बाईला मी स्वतःच्या हाताने निर्दोषपणाचा दाखला देणार होते, तोही ती मागायला आली म्हणून. दोन्हींपैकी काय खरं, ते ठरवायला मला फार तर आठवडा होता.

संपादिकेला फोन केला. म्हटलं, शेवटचे दोन भाग परत पाठवा, मला काम करायचंय.

“मॅम, प्लीज. पूर्ण इंटरनेट बायकोवर पेटलंय. रिव्हील तोच पाहिजे. चेंज काय करायचाय नेमका?”

“खुनी.”

“मॅम, तुम्ही बऱ्या आहात ना?”

मी तिला खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याचीसुद्धा जाहिरात केली असती. ‘सत्यघटनेवर आधारित’ असं मोठ्या अक्षरांत. ती वाईट नव्हती, तिचं कामच ते. तिने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं.

रविवारी मी टॅक्सी करून होसकोट्याला गेले. त्या बाईने त्या दुपारी बोलण्याच्या ओघात पत्ता आणि फोन नंबर दिला होता आणि एक भोळा उपाय सुचवला होता, तुमी स्वतः येऊन सांगा, मग तरी त्यांना पटेल. मी त्यासाठी गेले असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं तर मला तिला तिच्या घरात बघायचं होतं.

कारखान्यांच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर हार घातलेला फोटो, गोल चेहऱ्याचा, जरा रागीट माणूस. सासू खाली सतरंजीवर बसलेली, नात तिच्या मांडीला टेकून. दीर दारातच उभा राहिला. त्याने माझा आवाज लगेच ओळखला आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आदर आला की मला कसंसंच झालं. मी शिकवल्यासारखं सांगितलं, की बाबांनो, ही गोष्ट खोटी आहे, पेपरातलं वाचून मी मनाने रचलीय, तुमच्या घराशी तिचा काही संबंध नाही.

सासूने सगळं ऐकलं. “पेपरात झुणका होता काय?” तिने विचारलं.

“नाही हो आजी, झुणका सगळ्यांच्याच डब्यात असतो.”

“आन दार?”

“दार पेपरात होतं.”

“दार कुणी लावलं, ते पेपरात होतं काय?”

मी नाही म्हणाले. “मग तुमी कसं लिवलं, तिनं लावलं म्हणून?” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. पोटचा पोरगा गेलेला आणि त्याला कुणी मारलं हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी काहीतरी पुटपुटले.

तेवढ्यात सून आतून चहा घेऊन आली. तीन कप. तिने ताट मधे ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दिराने कपाला हात लावला नाही. सासूने नातीचा हात धरून जवळ ओढलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तो चहा पिते की नाही, एवढंच आता त्या खोलीत उरलं होतं. आणि ती मुलगी, सात-आठ वर्षांची असेल, तीही बघत होती.

मी कप उचलला. विषाचे इतके प्रकार मी लिहून बसले आहे की त्या क्षणी ते सगळे एकदम आठवले. मग मला माझाच संताप आला, त्या दिराचा आला, त्या म्हातारीचाही आला, आणि मी तो चहा भाजत्या घशाने सगळाच्या सगळा पिऊन टाकला. चांगला झाला होता. आलं जरा जास्त होतं.

“प्यालात,” सासू म्हणाली. “तुमचं काय, तुमी घरला जाणार.”

टॅक्सी गल्लीत येत नव्हती म्हणून सून मला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवायला आली. दोन्ही बाजूंनी कारखान्यांच्या भिंती, रविवार म्हणून सामसूम. अर्ध्या वाटेत ती थांबली.

“तुमी त्या दिशी विचारलं, डबा का परत नेला. सांगते. त्यांच्यासमोर सांगितलं तर मला जित्ती सोडणार न्हाईत.”

सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर मुलीच्या शाळेच्या सहलीवरून. त्याला रुसून बसायची सवय होती. रुसला की जेवायचा नाही, आणि ती डबा घेऊन आलेली दिसली की मागच्या दाराने निघून जायचा. पूर्वीही दोन-तीनदा त्याने तसं केलेलं होतं. त्या रविवारी ती गेली तर टेबलापाशी कुणी नव्हतं. फोन होता. तिला वाटलं, फोन इथे आहे म्हणजे इथेच आहे, मला बघून लपलाय. ती स्टुलावर बसून राहिली. समोर ते दार होतं.

“लई वेळ बसले, अक्का. मग मला बी राग आला. म्हटलं ऱ्हावा उपाशी. डबा उचलला आन गेले.” ती मग म्हणाली, “दोन हातांवर दार होतं. जाड असतंय हो ते. आतनं कितीबी बडवलं तरी भाईर येत न्हाई, असं नंतर सांगितलं त्यांनी मला.”

मी तिचा हात धरला. मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्या हाताकडे बघत उभी होती. टॅक्सी आली, मी बसले, आणि गाडी हमरस्त्याला लागायच्या आत माझं डोकं पुन्हा कामाला लागलं. भांडण झालं होतं, म्हणजे कारण होतं. दारापाशी ती एकटी होती, म्हणजे संधी होती. आणि साक्षीदार कुणीच नाही. माझ्या कादंबरीतल्या बायकोला मी असाच जबाब लिहून दिला असता, अगदी शब्दन् शब्द, आणि ऐकणाऱ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवावा म्हणून ‘ऱ्हावा उपाशी’ हे वाक्यसुद्धा घातलं असतं. मला स्वतःची किळस आली. पण विचार थांबला नाही.

घरी येऊन लिहायला बसले. ती खरी की खोटी, हे मला कधी कळणार नव्हतं. पण दोन गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, न प्यालेला चहा आणि आजीने मागे ओढलेली मुलगी. त्या दोन्ही माझ्यामुळे घडत होत्या. तेवढ्यावर मी निर्णय घेतला.

खुनी कुणाला करायचं हा पुढचा घोर. कारागिरीच्या दृष्टीने दीर उत्तम होता, आणि माझा रागही त्याच्यावरच होता. पण मग गुरुवारी सगळे त्याच्या तोंडाकडे बघणार. रखवालदाराचंही तेच, तोही कुणाचा तरी नवरा. शेवटी मी कारखान्याच्या मालकाला उभं केलं. माझ्या मालिकेत त्या बिचाऱ्याला आतापर्यंत दोनच वाक्यं मिळाली होती. मूठ बिघडलीय हे त्याला माहीत होतं, सुपरवायझरने तक्रार करायची धमकी दिली होती, आणि त्या रविवारी मालकाने त्याला मुद्दाम आत पाठवून दार लावलं. पण आधीच्या भागांत मी बायकोला एक कुलूप विकत घ्यायला लावलं होतं. ते काय करायचं? बराच वेळ डोकं खाजवून ते मी धान्याच्या पेटीला लावलं. तिला मी आरशासमोर हसवलं होतं, ते हसू वेड्या दुःखाचं केलं. जन्मभर लोकांवर गुन्हे शाबीत करत आले, आता एकीला सोडवताना माझ्या नाकी नऊ आले. लिहून झालेलं वाचलं तर फार फसवं वाटत होतं. माझ्या हातून इतकं वाईट कधी लिहिलं गेलं नव्हतं.

संपादिकेने वाचून फोन केला. “मॅम, हे चीटिंग आहे. लोक शिव्या घालतील.”

“घालू देत.”

“जुना एंड ठेवूया. मी वरती सांभाळून घेते.”

“मग माझं नाव काढा आणि माझा आवाजही काढा.”

ती बिचारी रडकुंडीला आली. शेवटी हो म्हणाली, पण पुढच्या मालिकेची खात्री देता येणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, समजलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं खरं. लिहिण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही.

शेवटच्या भागाची सुरुवातीची वाक्यं मी नवीन केली. नेहमीच्या नमस्कारानंतर मी म्हटलं, “आज मी तुम्हाला एक सांगणार आहे. ह्या गोष्टीतली बायको निर्दोष आहे. ती निर्दोष आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” श्रोत्यांसाठी ते नव्हतंच. होसकोट्याच्या त्या खोलीत मधे ठेवलेल्या फोनसाठी होतं.

शेवटचा भाग ज्या गुरुवारी आला तेव्हा मीही तो लावला. मला गोष्ट ऐकूच येत नव्हती. ती तिथे भिंतीला टेकून बसलेली असेल, सासू बघत असेल, दीर बघत असेल, आता कुलपाचं वाक्य येईल, आता त्यांना पटेल की ते म्हणतील, लेखिका घरी येऊन चहा पिऊन गेली आणि हिने तिला फितवलं. हे मला आधी सुचलंच नव्हतं. माझ्या भेटीमुळेच सगळं फिसकटू शकत होतं. नवरा दोनदा येऊन विचारून गेला, काय झालं, कसं झालं. मी त्याला हातानेच जा म्हटलं. भाग संपला. त्याखाली शिव्यांचा पाऊस पडायला सुरुवात झाली, ‘शेवट ढापला’, ‘बाई थकल्या आता’. त्या वाचून माझं काही झालं नाही. मी फोनकडे बघत बसले होते आणि तिचा फोन येत नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

“अक्का, सासूबाई जेवल्या,” ती म्हणाली. “माझ्या हातचं. आज सकाळी. भाकरी मागून घेतली.”

मी खुर्चीत बसले. माझा जीव भांड्यात पडला. ती सांगत होती, भाग संपल्यावर म्हातारी एकदम हंबरडा फोडून रडली, पोरगा गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकी. दीर फोन उचलून बाहेर निघून गेला. गावाकडच्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. मुलगी रात्री हिच्याजवळ झोपली. सगळं ती सावकाश, एकेक सांगत होती आणि मी ‘हो का, हो का’ म्हणत होते, लहान मुलासारखी.

“अक्का, एक विचारू?”

“विचार ना गं.” मी तिला पहिल्यांदाच अगं म्हटलं.

“तुमी काल सुरवातीला बोलला न्हवं, ती बायको निर्दोष हाय हे तुमाला पैल्या दिसापास्नं ठाव होतं म्हणून. ते माझ्याबद्दल बोलला काय? तुमाला खरंच तसं वाटतंय?”

हो म्हणायला काय लागत होतं? खोटं बोलूनच मी आजवर पोट भरलं आहे, आणि ह्या खोट्याने कुणाचं वाईट होणार नव्हतं. कदाचित ते खोटंही नसेल. पण त्या क्षणी मला ते टेबल दिसलं, त्यावरचा फोन दिसला आणि दोन हातांवर दार. तिला तो फोन दिसला होता आणि तरी ती उठून गेली. मग मी हो म्हणाले. हो गं, तसंच वाटतं, असंही वर म्हणाले. पण मधे वेळ गेला होता, आणि दर गुरुवारी लोकांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला शिकलेल्या बाईला तो ऐकू गेला.

मागून मुलीचा आवाज आला, “आई, वाढ की.”

“बरं अक्का,” ती म्हणाली. “म्हणजे तुमालाबी तसं वाटत न्हाई.” आणि मुलीला वाढायचं म्हणून तिने फोन ठेवला.